लाल खुणेच्या पुढे

दामू, परवा तुझी तेरवी झाली. वडे झाले, भात झाला, पंगत उठली, लोक हात धुऊन आपापल्या घरी गेले. मला मात्र तेव्हापासून कुठंच बसवत नाही. शाळेत फळ्यावर अर्धं लिहितो आणि खडू ठेवून देतो. घरी दोन घास खातो आणि उठतो. बायको म्हणते, "पायाले भिंगरी लागली का तुमच्या?" लागली आहे, बाई. बाजारातल्या तुझ्या बंद दुकानापर्यंत जातो, कुलूप पाहतो, परत येतो. आज चौथ्यांदा जाऊन आलो आणि आता हा कागद ओढला आहे. किती वेळ बसेन ते सांगता येत नाही.

लिहिताना माझी भाषा मास्तरची होते, हे तुला माहीत आहे. "पुस्तकावाणी नको बोलू बे, माणसावाणी बोल," असं तू शंभरदा म्हटलं असशील. अख्खं अड्याळ गाव मला मास्तर म्हणतं, अहो-जाहो करतं. बे म्हणणारा तू एकटा. तर आज तेवढं चालवून घे.

परवा पंगतीत सोमाजी माझ्या शेजारी बसला होता. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत आपली दंडार, सोंगांचा नाच, होते ना, तिच्यातला ढोलवाला सोमाजी. म्हातारा झाला, पण तोंड अजून ढोलासारखंच वाजतं. वड्याचा तुकडा मोडत म्हणाला, "दामू मोठा कारागीर होता गा. त्या एका मंडईत भोंगे जाळले नसते, त पवनीवरी त्याचंच नाव राहिलं असतं." आजूबाजूच्या चौघांनी माना हलवल्या. मीही हलवली. दामू, मी पण मान हलवली! तुझ्या तेरवीचा भात गिळत, तुझ्या नावावरच्या खोट्या डागाला मी मान डोलावली. भोंगे कोणी जाळले ते मला माहीत होतं. तिथं बसलेल्यांपैकी एकट्या मलाच.

ते सांगायचं की नाही, आणि सांगायचं तर कोणापुढं, हेच माझ्या पायातल्या भिंगरीचं कारण आहे.

पण सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर तू मधेच म्हणशील, "मास्तर, तार उलटी लावून राहिला."

मी नवाच शाळेत लागलो होतो, विज्ञानाचा मास्तर म्हणून. स्नेहसंमेलनात हेडमास्तर बोलायला उभे राहिले आणि भोंग्यातून अशी काही शिटी निघाली की पुढच्या रांगेतली लेकरं रडायला लागली. मी मशीनजवळ बसून एकेक बटण पिळत होतो. कमी करावं तर हेडमास्तर ऐकू येत नाहीत, वाढवावं तर शिटी. तू गर्दीतून आलास, मशीनकडे पाहिलंही नाहीस, सरळ झाडावर चढलास आणि भोंग्याचं तोंड रस्त्याकडे फिरवलंस. शिटी बंद. खाली उतरून, हात झटकत मला म्हणालास, "बटनं कायले पिळता मास्तर? तुमचा माईक भोंग्याले आयकून राहिला होता. ज्याचं त्यानं आयकू नये, येवढंच." पुस्तकात मी हेच 'फीडबॅक' म्हणून तीन पानं शिकवत होतो. तुझं शिक्षण सातवी. मी त्या दिवशी पहिल्यांदा खजील झालो.

मग रोज शाळा सुटली की मी तुझ्या दुकानात. आंधळगावच्या हातमागावर वाढलेला तू. तुटलेला धागा बोटांच्या टोकांनी जोडायची सवय, आणि तीच बोटं तुला सोल्डरिंगला कामी आली. मी इंग्रजी मासिकातून सर्किट वाचून दाखवायचो, तू ते पत्र्यावर उभं करायचास. माझ्या वाचण्यात चूक असली तरी तुझ्या जोडण्यात नसायची. "हे इथं बसत नाही बे, पुन्हा वाच," म्हणायचास, आणि पुन्हा वाचलं की खरंच माझी एक ओळ सुटलेली असायची.

आणीबाणी उठली त्या सुमारास तू तो डबा केलास. बिस्किटाच्या पत्र्याचा डबा, त्यावर तीन बटणं. प्रिॲम्प हे त्याचं खरं नाव, आपण त्याला मधला डबा म्हणायचो. माईकचा आवाज बारीक, मोठ्या मशीनला, म्हणजे ॲम्प्लिफायरला, तो पुरत नाही. म्हणून आधी या डब्यात त्याला उचलायचं, जाड-बारीक करायचं, आणि मग पुढं द्यायचं. काय सुरेख चालायचा तो! पण एक खोड होती. बोलणारा थांबला की डबा हळूच घूं करत राहायचा. तू अर्थिंग बदललंस, तारा पिळल्यास, डब्याला आतून चांदीचा कागद लावलास. घूं काही गेली नाही.

आणि आपलं भांडण सुरू झालं. दहा वर्षं चाललं ते. माझं म्हणणं, मध्ये जितकं कमी तितका आवाज चोख. टेपचा आवाज तसाही बऱ्यापैकी मोठा असतो, तो सरळ मोठ्या मशीनला दे, डबा काढ. तू म्हणायचास, "मधात कोणी तरी पायजे बे. सोयरीक बी मधात कोणी असल्याशिवाय जमत नाही." मी म्हणायचो, "सोयरीक जमल्यावर तो मधला माणूस घरात येऊन राहतो का?" तू म्हणायचास, "राहात नाही, पर भांडन झालं का त्यालेच बोलावते." तुझ्या घरी हे रंगलं की सुमनवहिनी हातमागावरून ओरडायच्या, "तुमी दोघं एकमेकांशी लगन करा, मले सुट्टी द्या!"

थोडा उठून आलो. पाणी प्यालो. आता मंडईचं लिहितो.

दिवाळी सरली की मंडई, मंडईत भरदुपारी दंडार, आणि दंडारीला दामूचा भोंगा, हे आपल्या गावाचं ठरलेलं. त्या वर्षी सरपंचाचा जावई दुबईहून आला आणि सोबत ते यंत्र घेऊन आला. चपटं, काळं, आणि त्यात आरशासारखी चकाकणारी तबकडी. पंचांनी ठरवलं, मंडईची सुरुवात या दुबईच्या मशीनवरच्या शहनाईनं करायची. मी तुला समजावून सांगत होतो, "दामू, या तबकडीवर आवाज नाही, नुसते आकडे आहेत." तू म्हणालास, "आकडे? सट्ट्याचे?" मग मी सांगितलं, की आत एक कन्व्हर्टर असतो, तो आकडे वाचतो आणि त्यांचा परत आवाज करतो. तू यंत्र कानाला लावून पाहिलंस, जसं काही आत कोणी उजळणी म्हणत असेल.

मी शाळेचं मीटर आणून मोजलं. कन्व्हर्टरकडून दोन व्होल्टपर्यंत येत होतं. तुझ्या मोठ्या मशीनला पुरता जोर लावायला अर्धा व्होल्ट पुष्कळ. म्हणजे उचलायचं राहिलं बाजूला, उलट कमीच करायला हवं होतं. मी टाळी वाजवली. "बघ! आता तरी डबा काढ. कन्व्हर्टर सरळ मशीनला. मध्ये घूं नाही, काही नाही." चार दिवस तू ऐकलं नाहीस. पाचव्या दिवशी शाळेत निरोप धाडलास, "मास्तरले म्हणा या."

गेलो तर तुझ्या हातात तंबाखूची रिकामी डबी. तिच्यात तू एक व्हॉल्यूमचं बटण आणि दोन रेझिस्टर बसवले होते. एका बाजूनं कन्व्हर्टरची पिन, दुसऱ्या बाजूनं मशीनची. बस, एवढंच. आपण तुझ्या घरी लावून पाहिलं. तबकडी आधीच वाजत होती, मग पिन जोडली, बाजूला वहिनींचा माग खटखट करत होता. तू बटण हळूहळू फिरवत नेलंस, एका जागी थांबलास, भोंग्याला हात लावून पाहिलंस आणि वहिनींची नेलपॉलिश मागून त्या जागी लाल खूण केलीस. "या खुणेच्या पुढं शहाना मानूस जात नाही," म्हणालास. मी म्हटलं, "आणि मास्तर?" तू म्हणालास, "मास्तरनं त मुळीच जाऊ नये."

मंडईच्या दिवशी मैदान भरलं होतं. शिंगाडेवाले, फुग्यावाले, बायका, दंडारीतली सोंगं रंग लावून तयार. तू नेहमीसारखा मोहाच्या झाडाला शिडी लावून वर. ती तुझी पद्धत. भोंग्याच्या तोंडाशी स्वतःचा कान नेऊन, वरूनच मला खूण करायची. पंजा उघडला तर वाढव, मूठ वळली तर थांब. दुसऱ्या कोणाच्या कानावर तुझा भरवसा नव्हता.

मी बटण दाबलं. काहीच नाही.

दहा वर्षं मी टेप लावत आलो होतो. टेपचं बटण दाबलं की गाणं यायच्या आधी एक सूं येते. माझा कान त्या सूंवर शिकलेला. सूं आली म्हणजे लाईन चालू, नाही आली म्हणजे कुठंतरी पिन सुटली. या यंत्रात सूं नव्हतीच, तबकडी फिरून गाणं लागेपर्यंत नुसती शांतता. आकड्यांना सूं कुठून असणार? हे मला, विज्ञानाच्या मास्तरला, सुचू नये! सोमाजी मैदानातून ओरडला, "का गा मास्तर, दुबईचं मशीन मेलं का?" लोक हसले. माझे कान गरम झाले. मी डबीवरचं बटण थोडं फिरवलं. काही नाही. खुणेपर्यंत नेलं. काही नाही. तू वरून मूठ दाखवत असशील. मी वर पाहिलंच नाही. माझं सगळं लक्ष हसणाऱ्या लोकांकडे. मी खूण ओलांडली आणि बटण पार शेवटापर्यंत नेलं.

आणि शहनाई आली. शहनाई कसली, नगारा आणि शहनाई एकदम, अख्ख्या जोरानं. बैलांनी दावी तोडली, एक फुग्यावाला खाली बसला. मग फाटल्यासारखा आवाज झाला, जळका वास आला, आणि दोन्ही भोंगे गप्प. आतली युनिटं जळून गेली होती.

तू खाली उतरलास. डावा हात डोक्याला, कानाजवळ दाबलेला. मला वाटलं, संतापानं डोकं धरलंय. सोमाजी धावत आला, "कोणं जाळलं हे? दंडार कशी होईल आता?" मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं, दामू. पण माझ्या आधी तू बोललास. माझ्याकडे न पाहता म्हणालास, "माही जोडनी चुकली, बावा."

आणि मी तोंड मिटलं. इतकं सोपं असतं ते.

त्या दुपारी दंडार भोंग्याशिवाय झाली. मागच्या लोकांना काही ऐकू गेलं नाही, मारामारी व्हायची वेळ आली. पुढच्या मंडईला पंचांनी पवनीचा साऊंड सांगितला. लग्नाची बुकिंग गेली. दुकान अर्धा दिवस, मग नुसतं बाजारच्या दिवशी, मग तू घरी वहिनींच्या शेजारी दुसरा माग टाकलास.

मी पहिले आठ दिवस शरमेनं आलो नाही. नवव्या दिवशी बाजारात तू पाठमोरा दिसलास, भाजी घेत होतास. मी हाक मारली, "दामू!" तू वळला नाहीस. जवळ जाऊन, अगदी दोन हातांवरून मारली. तू पिशवी उचललीस आणि चालू लागलास. मला काय वाटलं असेल? माझी पण तळपायाची आग मस्तकात गेली. चूक माझी, कबूल. पण भर बाजारात माझी हाक पायाखाली घालावी? ठीक आहे, म्हटलं. मलाही मान आहे. पुन्हा एकदा शाळेच्या वळणावर तसंच झालं. मग मी हाका मारणं बंद केलं.

दोन वर्षं आपण एकमेकांशी वहिनींच्या तोंडून बोललो. "त्यांना सांगा, माझं मीटर तिकडे राहिलं." "मास्तरले सांग, मीटर फळीवर हाय." एका गावात, दोन गल्ल्या पलीकडे. मध्ये कोणी नको म्हणून दहा वर्षं भांडलेला मी.

एकदा वहिनींनी ती तंबाखूची डबी आणून दिली. "त्याइनं देली. मास्तरले दे म्हनले." मी पाहिली. लाल खूण ब्लेडनं खरवडून काढली होती. मला तो टोमणा वाटला. तुले खूण दिसतच नाही त ठेवू कायले, असं म्हणतोय म्हणून. डबी मी शाळेच्या प्रयोगशाळेच्या कपाटात, तुटक्या लोलकांच्या मागं टाकून दिली. उघडून पाहायचीही तसदी घेतली नाही.

मग तुला ताप आला. तीन दिवस. भंडाऱ्याला नेलं म्हणून मला शाळेच्या शिपायानं सांगितलं, आणि मी कपडे करून निघेपर्यंत तुला परत आणत होते. त्याबद्दल आणखी काही लिहवत नाही.

काल वहिनींकडे गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. त्या मागाशी बसल्या होत्या, नुसत्याच. माग बंद. मी उंबऱ्यातच उभा राहून म्हणालो, "वहिनी, मंडईत भोंगे दामूनं नाही जाळले. मी जाळले. खुणेच्या पुढं मी गेलो."

त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "मालूम हाय, भाऊजी. त्याइनं वरून पायलं होतं. मूठ दाखवून राहिलो होतो, पर मास्तर पाहेच ना, म्हनले."

मी खाली बसलो. म्हटलं, "मग सांगितलं का नाही? माझ्याशी बोलणं का टाकलं? बाजारात हाका मारल्या मी, वळला नाही."

आता त्यांनी पाहिलं माझ्याकडे. "कोन्या बाजूनं मारली हाक?"

मला आठवेना. मग आठवलं. भाजीवालीच्या ओट्याच्या या बाजूला मी, म्हणजे तुझ्या डाव्या हाताला, मागून.

"डाव्या कानानं त्यायले आयकू येत नव्हतं, भाऊजी. त्याच दिवशी गेला थो कान. भोंग्याले लावून होता ना. उजव्यानं बी सूं सूं वाजे दिवसभर. कोनाले सांगू नको म्हनले. कान गेलेल्या मेकॅनिकले कोन रेडिओ देते?"

दामू! दोन वर्षं! मी तुला दोन वर्षं शिव्या घातल्या मनात. आवाज आला नाही म्हणून लाईन तुटली असं धरून चाललो, आणि बटण पिळत बसलो. तीच चूक, पुन्हा तीच. एकदा भोंग्यावर आणि एकदा तुझ्यावर. आणि तू तरी? तू काहून नाही आलास बे? दोन गल्ल्या होत्या! एक चिठ्ठी लिहून धाडता येत नव्हती? सातवी शिकलास ना? मला तुझाही राग आला काल, खरं सांगतो. अजून आहे.

वहिनी बोलतच होत्या. "एक डाव मले म्हनले, सुमन, थे शहनाई यायच्या आधी ज्या चार घडी गेल्या ना, तशी शांती मी जनमात नाही आयकली. घूं नाही, सूं नाही. मास्तरचं बरोबर होतं. पर त्याले सांगू नको, डोक्यावर बसल." आणि त्या हसल्या, आणि मग रडल्या. मी पण.

निघताना विचारलं, "आणि ती डबी? खूण का खरवडली?"

"मले का समजते त्यातलं? येवढंच म्हनले, मास्तरले दे, उघडून पायल त येईल."

मी तिथून शाळेत पळत गेलो. वाटेत दोघांनी विचारलं, काय झालं म्हणून. शिपायाकडून किल्ली घेतली, कपाट उघडलं, लोलकांच्या मागून डबी काढली आणि पेचकस नव्हता म्हणून होल्डर पेनच्या टोकानं झाकण उचकटलं. बटणाच्या आधी तू आणखी एक रेझिस्टर घातला होतास. नवा, सोल्डरचा टाका चकचकीत. बटण आता पार शेवटापर्यंत फिरवलं तरी आवाज जुन्या खुणेच्या पुढं जाणार नव्हता. कोणीही फिरवो. म्हणून खुणेची गरज उरली नव्हती, म्हणून ती काढलीस. माझ्यासारख्या भैताडासाठी, कितीही पिळलं तरी जळणार नाही अशी जोडणी तू करून धाडली होतीस. आणि मी ती उघडली नव्हती.

कागद पंधरा दिवस तसेच पडले होते. मधे दिवाळी येऊन गेली. आज मंडई झाली, ते लिहून मोकळा होतो.

परवा पंचांकडे जाऊन म्हटलं, दंडारीच्या आधी मला दोन मिनिटं माईक द्या. दामूबद्दल बोलायचं आहे. दिला. मग वहिनींकडून तुझा मधला डबा मागून आणला. फडक्यात बांधून ठेवला होता त्यांनी. दुपारी मैदानावर पवनीच्या साऊंडवाल्याला म्हणालो, तुझा मिक्सर राहू दे, माझा माईक या डब्यातून घे. तो डब्याकडे पाहून हसला, पण घेतला. एक भोंगा मी तुझ्या गल्लीकडे फिरवून घेतला. वहिनी यायच्या नव्हत्या, तू गेल्याला अजून सव्वा महिना झाला नाही. पण त्यांना ऐकू जायला हवं होतं.

पवनीवाल्यानं मशीन चालू केलं आणि तुझी घूं आली. दहा वर्षं जिला मी नावं ठेवली तीच. तो म्हणाला, "मास्तर, घूं येऊन राहिली. काढू का हा डबा मधातून?"

"राहू दे," म्हटलं. "माणसाचा आवाज बारीक असतो. त्याले मधात कोणी लागते."

दामू, तबकडीच्या बाबतीत माझं बरोबर होतं आणि माईकच्या बाबतीत तुझं. हे भांडण आता मिटलं असं समज.

काय बोलायचं ते चिठ्ठीवर लिहून नेलं होतं. चांगलं पुस्तकी. माईकपुढं उभा राहिलो आणि चिठ्ठी खिशातच ठेवली. म्हणालो, "मंडईत भोंगे दामूनं नाही जाळले. म्या जाळले. त्यानं खूण करून देली होती, म्या नाही पायली. त्याचा कान माह्यापायी गेला. नाव त्याचं खराब झालं आणि म्या गप्प राहिलो. त्याची जोडनी कधीच चुकली नव्हती."

एवढंच. मग थांबलो.

समोर मैदान गच्च भरलेलं, आणि कोणाचा आवाज नाही. पोरंसुद्धा गप्प. माझे कान तसेच गरम झाले. वाटलं, काहीतरी बोलून घ्यावं, माफी मागावी, तुझ्या गुणांचे दोन शब्द सांगावेत. हात आपोआप बटणाकडे गेला. मी तो मागं घेतला आणि पाठीशी धरला. डबा घूं करत होता. लाईन चालू होती. मी नुसता उभा राहिलो.

 मग सोमाजीनं गळ्यातला ढोल काढून खाली ठेवला. पुढं आला. चिडलेला होता, डोळे भरलेले होते, दोन्ही. माझ्या पुढ्यात उभा राहून, सगळ्या गावादेखत म्हणाला, "मंग इतके दिवस काहून नाही बोलला बे?"

तू गेल्यापासून मला कोणी बे म्हटलं नव्हतं, दामू.